फुल स्कॅनला पीसी बंद पडतो? जागेवर पडतो का वेळेवर, ते आधी बघा

ताई, तुमचं मला जे समजलं ते आधी सांगतो, चुकत असेन तर तिथंच सांगा. असेंबल्ड पीसी, चौथ्या जनरेशनचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी हार्डडिस्क, विंडोज १०. टॅली, जीएसटीचं काम, मराठी टायपिंग हे सगळं दिवसभर बिनबोभाट चालतं, क्विक स्कॅन पण पूर्ण होतो. पण फुल स्कॅन लावला की ३५-४० टक्क्यांच्या आसपास मशीन जातं, कधी धाडकन बंद तर कधी निळा स्क्रीन दाखवून रिस्टार्ट. एक अँटीव्हायरस काढून दुसरा टाकला तरी तेच. दुकानवाला म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल, आणि तुम्हाला तीन वर्षांच्या टॅली डेटाची धास्ती.

फॉरमॅट मारू नका. निदान आत्ता तरी नाही.

मी सांगलीत २२ वर्षं हेच काम करतोय आणि "स्कॅन लावला की बंद पडतो" म्हणून आलेल्या मशीनपैकी खरोखर व्हायरसमुळे बंद पडणारी हाताच्या बोटांवर मोजावी एवढीच निघाली. बाकी सगळ्यात दुखणं आधीच होतं, स्कॅनने फक्त ते उघडं पाडलं. कसं ते बघा. फुल स्कॅन म्हणजे तुमच्या डिस्कवरची एकूण एक फाइल उघडून, झिप असली तर तीही आतून सोडवून बघायची. म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तिघंही एकाच वेळी तास-दोन तास, जुन्या डिस्कवर तर चार-पाच तास सुद्धा, सलग राबतात. टॅलीला एवढं कधीच लागत नाही. टॅली म्हणजे गावातल्या गावात स्कूटी फिरवणं, आणि फुल स्कॅन म्हणजे त्याच स्कूटीवर तिघं बसून आंबा घाट चढणं. मग घाटात बंद पडली की आपण घाटालाच शिव्या देतो. क्विक स्कॅन पूर्ण होतो याचं कारणही हेच, तो मेमरीत काय चाललंय, स्टार्टअपला काय सुरू होतं आणि विंडोजचे ठराविक फोल्डर एवढंच बघून काही मिनिटात मोकळा होतो.

आता सगळ्यात आधी बॅकअप, आणि हे मी सवयीने म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका फोटोग्राफरचा पीसी माझ्याकडे आला होता, तक्रार हीच, स्कॅनला अडकतो. मी शहाणपणा करून रात्री चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासणारं टूल, लावलं, तेही बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा शोधणारं, आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर डिस्क नुसती टक टक टक आवाज करतीये आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये, दिसतच नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला मी रात्रभर पळवलं होतं. दोन लग्नांचे फोटो गेले त्यात. तो माणूस मला फार काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. तर टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेल, ग्राहकांचे पॅन-आधारचे स्कॅन, टायपिंगच्या फाइली, हे सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर आजच काढा. टॅलीच्या आतून बॅकअप घ्याच पण डेटाचा फोल्डरही जसाच्या तसा कॉपी करा. आणि कॉपी करताना कुठल्या फोल्डरला अडकतंय का, मशीन दमतंय का, तिकडे लक्ष ठेवा, कारण ती सुद्धा तपासणीच आहे, पुढे सांगतो.

बॅकअप झाला की एकच गोष्ट शोधायची, मशीन जागेवर पडतं का वेळेवर पडतं. ३५-४० टक्के म्हणताय, पण टक्केवारीवर जाऊ नका, ती अंदाजे असते. दर वेळी त्याच सुमाराला पडतं याचे दोन अर्थ निघतात, एकतर स्कॅन दर वेळी डिस्कवरच्या त्याच जागेवर पोचतो आणि तिथं खड्डा आहे, नाहीतर दर वेळी सुरू केल्यापासून तेवढाच वेळ होतो आणि तेवढ्या वेळात काहीतरी तापतं किंवा दम सोडतं. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधंही वेगळी, म्हणून आधी हे ठरवायचं.

ठरवायचं कसं तर फुल स्कॅन न लावता कस्टम स्कॅन लावा, तो बहुतेक सगळ्या अँटीव्हायरसमध्ये असतो. आज फक्त डी ड्राइव्ह. मशीन पूर्ण थंड होऊ दे, उद्या फक्त युजर्सचा फोल्डर. मग प्रोग्राम फाइल्स, मग विंडोजचा फोल्डर. प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवा, किती वाजता सुरू केला, किती मिनिटांनी गेला, शेवटी स्क्रीनवर कुठल्या फाइलचं नाव होतं. मोबाइल समोर उभा करून व्हिडिओ लावून ठेवला तरी चालेल, माझा एक पोरगा तसंच करतो. तीन फोल्डर सुखरूप झाले आणि चौथ्याला दर वेळी पडलं तर जागेचा आजार. कुठलाही फोल्डर लावा, पंचवीस-तीस मिनिटं झाली की पडतंय, तर वेळेचा. आणि कधी दोन मिनिटात कधी तासाने, कधी इथं कधी तिथं, असं काहीच ताळतंत्र नसेल तर तो तिसरा प्रकार, त्याच्याकडे नंतर येऊ.

त्याच्या आधी एक छोटं काम करून ठेवा. निळा स्क्रीन आला की विंडोज आपोआप रिस्टार्ट होतं आणि काय लिहिलंय ते वाचायच्या आत जातं, ते बंद करा. विंडोज आणि आर दाबून आलेल्या चौकटीत एसवायएसडीएम डॉट सीपीएल टाइप करा, ॲडव्हान्स्डच्या टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिकली रिस्टार्टवरची टिक काढा. आता निळा स्क्रीन आला तर तसाच उभा राहील, फोटो काढा. आणि टिक काढूनही मशीन सरळ अंधार करून गेलं, किंवा एकदम बंद होऊन सुरू झालं, तर समजा की विंडोजला मरताना तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे करंट किंवा उष्णता. ही एक टिक काढली की अर्धं निदान घरबसल्या होतं, पण दहा दुकानवाल्यांतला एक करत असेल.

दुसरी नोंद विंडोज स्वतः ठेवतं. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तिथं क्रॅशच्या वेळेला कर्नल पॉवर ४१ नावाची लाल नोंद दिसेल आणि ती बघून लोक घाबरतात, इंटरनेटवर शोधतात आणि अजून घाबरतात. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, जे तुम्हाला माहितीच आहे. कामाची गोष्ट तिच्या डिटेल्समध्ये आहे, बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा नंबर, शून्य असेल तर बहुधा निळा स्क्रीन झालाच नाही, वीज गेली किंवा मशीन गोठलं. शून्य नसेल तर निळा स्क्रीन झालाय, भले तुम्हाला दिसला नसेल. आणि ४१ च्या वरच्या-खालच्या नोंदींमध्ये सोर्स म्हणून डिस्क लिहिलेली ७ नंबरची नोंद दिसली तर बाकी सगळं सोडा, त्यात सरळ लिहिलेलं असतं की डिव्हाइसला बॅड ब्लॉक आहे. डिस्कच्याच नावावर १५३ नंबरच्या नोंदी ओळीने पडल्या असतील तर विंडोज एकच वाचन परत परत करून बघतंय, तेही चांगलं लक्षण नाही.

आता जागेचा आजार. तुमचं वर्णन वाचून माझी पैज यावरच आहे, जुनी १ टीबीची फिरती डिस्क आणि दर वेळी त्याच सुमाराला पडणं. बॅड सेक्टर बऱ्याचदा अशा फाइलीखाली असतो जी तुम्ही वर्षानुवर्षं उघडलेलीच नसते, २०१७ च्या कुणाच्या तरी रिटर्नची पीडीएफ, जुन्या मोबाइलचे फोटो. टॅली तिथं कधी जात नाही. स्कॅन मात्र तिथं जातोच, डिस्कला म्हणतो वाच, डिस्क परत परत प्रयत्न करते, लाइट पेटलेलीच राहते, माउस हलतो पण काही उघडत नाही, आणि तो सेक्टर विंडोजच्या पेजफाइलमध्ये (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) किंवा सिस्टीमच्या फाइलीत असेल तर निळा स्क्रीन. त्यावर कर्नल डेटा इनपेज एरर किंवा एनटीएफएस फाइल सिस्टीम असं लिहिलेलं असलं तर डिस्कवरचा संशय आणखी पक्का, कर्नल डेटा इनपेज असेल तर दोष डिस्कच्या केबलचा किंवा रॅमचाही असू शकतो, पण सुरुवात डिस्कपासून करा.

पडताळणी सोपी आहे, अँटीव्हायरस पूर्ण बाजूला ठेवा आणि तोच फोल्डर नुसता कॉपी करून बघा बाहेरच्या डिस्कवर. कॉपी पण तिथंच अडकली तर अँटीव्हायरस निर्दोष. ही परीक्षा मी कुणाकडून शिकलो नाही, आपोआप सुचली, आणि गिऱ्हाइकाला पटवायला याच्यासारखं काही नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर होतं. मग क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका, इन्स्टॉल करताना जाहिरातवाली आवृत्ती येऊ देऊ नका, साधी घ्या. त्यात डिस्क स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. तीन ओळी बघायच्या, ०५ म्हणजे रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा), सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, सी६ म्हणजे अनकरेक्टेबल (दुरुस्त न होणाऱ्या). सी५ मध्ये शून्याशिवाय काही असेल तर डिस्कला आत्ता या क्षणी काही जागा वाचता येत नाहीयेत, आणि तुमचा स्कॅन तिथंच धडकतोय. ते आकडे आधी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून डेसिमल, म्हणजे आपले नेहमीचे, करून घ्या नाहीतर उगाच गोंधळ होईल. अजून एक ओळ असते सी७ नावाची, ती एकटीच वाढत असेल तर डिस्क नव्हे, डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल ढिली किंवा खराब आहे, शंभर-दीडशे रुपयांची केबल बदलून मोकळे व्हा. या एका ओळीने मी कित्येक डिस्क कचऱ्यात जाण्यापासून वाचवल्यात.

डिस्क खराब निघाली तर चेकडिस्क लावून ती बरी होईल या आशेवर बसू नका, माझी गोष्ट वर सांगितलीच. बॅकअप असेल तर लावा खुशाल, पण ते खड्ड्याभोवती दगड मांडणं आहे, खड्डा बुजत नाही. डिस्क बदला. आणि बदलताना परत फिरती डिस्क घेऊ नका, २४० किंवा ५०० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क, टाका, तुमच्या चौथ्या जनरेशनच्या मशीनला ती आरामात चालते आणि टॅली असं उघडेल की तुम्हाला वाटेल मशीन नवीन घेतलंय.

जागेच्याच आजारात कधी कधी डिस्क ठणठणीत निघते आणि दोष एखाद्या फाइलीचा असतो. मोठमोठ्या झिप, आउटलुकची सगळे मेल साठवणारी ३०-४० जीबीची पीएसटी फाइल, किंवा कुणीतरी काढलेला अख्ख्या ड्राइव्हचा बॅकअप. स्कॅन ती फोडायला घेतो, टेंप फोल्डरमध्ये जागा लागते, सी ड्राइव्हवर दीड जीबी शिल्लक, मग मशीन गुदमरतं. मुद्दाम त्रास द्यायला बनवलेल्या झिपही असतात, ४२ केबीची एक फार प्रसिद्ध आहे, आत झिपमध्ये झिप करत करत पूर्ण फोडली तर साडेचार पेटाबाइट होते. आजचे अँटीव्हायरस तिला फसत नाहीत, किती आत जायचं त्याची मर्यादा असते त्यांना. तुमच्या ऑफिसात असली काही असणार नाही, पण सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळी ठेवा आणि "काहीतरी जुनं बॅकअप" नावाच्या झिप बाहेरच्या डिस्कवर हलवा.

आता वेळेचा आजार. यात पहिली उष्णता. इचलकरंजीत एका लूमवाल्याच्या ऑफिसात मशीन होतं, स्कॅन लावला की बरोबर वीस मिनिटांनी बंद. मी उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीत कापसाच्या तुसाची गादी तयार झाली होती, अक्षरशः गादी, चिमट्याने धरून सोलून काढली. पंखा फिरत होता म्हणून मालकाला वाटायचं सगळं ठीक आहे, पण हवा जायला जागाच नव्हती. घरात असाल तर तुस नाही पण धूळ, उदबत्तीची राख, आणि टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेलं कॅबिनेट. एचडब्ल्यू मॉनिटर नावाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, स्कॅन चालू असताना तापमान बघत बसा. ६०-७० ला राहिलं तर काळजी नाही. ८५-९० च्या पुढं सरकत राहिलं तर साफसफाई आणि प्रोसेसर-हीटसिंकच्या मध्ये लावायची नवीन थर्मल पेस्ट, जुनी आठ-दहा वर्षांची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्याला बोट लावून धरा, मोकळा सोडलात तर तो वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं.

यात एक बारकी गोष्ट आहे. आय-५ सारखा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, मग तरीही तापमान वाढलं तरच स्वतःला तोडतो. म्हणजे उष्णतेने मरणारं मशीन मरायच्या आधी बऱ्याचदा मंद होतं, रखडतं. पण तापमान ६५ वर असताना, काहीही रखडत नसताना मशीन लाइट गेल्यासारखं फटकन बंद झालं तर पंखा आणि पेस्टवर पैसे घालू नका, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा. असेंबल्डमध्ये कॅबिनेटबरोबर जो एसएमपीएस फुकट येतो ना, ज्याच्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, त्यावरचं लिहिलेलं मी तरी वाचत नाही, हातात घेतला की वजनावरूनच कळतं. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची ओळ असते, ती ११.४ ते १२.६ मध्ये हवी, पण बायोसमध्ये मशीनवर लोड नसतो त्यामुळे तिथं ठीक दिसलं म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही. खरी परीक्षा एकच, चांगला माहितीतला एसएमपीएस लावून स्कॅन पूर्ण होतो का बघायचं. तो दुकानवाला तासभर उसना लावून देईल, त्याला तेवढं सांगा. एसएमपीएस स्वतः उघडू नका हं, बंद केल्यावरही आत करंट साठलेला असतो. मदरबोर्डवर मात्र नजर टाका, कपॅसिटरची डोकी सपाट हवीत, पुरीसारखी फुगलेली नकोत.

आणि यूपीएस. तुम्ही लिहिलंय की दुपारी जास्त वेळा होतं. दुपारी गरमी असते हे एक, पण तुमच्याकडे दुपारी व्होल्टेज पडत असेल तर यूपीएस सारखा बॅटरीवर जातो-येतो, टक टक आवाज येतो रिलेचा, आणि बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर त्या क्षणाला मशीन धरून ठेवायची ताकद तिच्यात नसते. साध्या टायपिंगला कसंबसं धरतं, स्कॅनच्या लोडला सोडतं. एकदा सकाळी लवकर स्कॅन लावून बघा, आणि एकदा यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटवर. दोन्हीत पूर्ण झाला तर यूपीएसची बॅटरी बदला, बाकी मशीनला हातही लावू नका.

तिसरा प्रकार, ज्याला ना जागा ना वेळ. इथं दोन संशयित, रॅम आणि ड्रायव्हरची भांडणं. रॅमचं असं की टॅलीच्या दिवसात तुमच्या ८ जीबीतली तीन-चार वापरात असते, स्कॅन सुरू झाला की वाचलेल्या फाइलींनी विंडोज उरलेली रॅमही भरत जातं, आणि खराब तुकडा नेमका तिथं असला तर सापडतो. निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळंच नाव येतं, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, परवा अजून काही. दर वेळी वेगळं नाव हीच खूण. मशीन बंद करा, वायर काढा, रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी दातांवर शाळेचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, ब्रशने स्लॉट झाडा, परत घट्ट बसवा. हसू नका, आपल्याकडच्या दमट हवेत निम्मे रॅमचे रोग खोडरबरनेच जातात, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नसतं एवढंच. तरी नाही गेलं तर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं टूल पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर लावा. एक जरी लाल एरर दिसली तरी ती पट्टी बाद, "एकच तर आहे" असं नसतं रॅममध्ये. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा कुठली ती.

ड्रायव्हरचं भांडण जरा समजावून सांगतो कारण तुम्ही एक अँटीव्हायरस काढून दुसरा टाकलाय. अँटीव्हायरस हा बाकीच्या प्रोग्रामसारखा वर वर चालत नाही, त्याचा एक तुकडा विंडोजच्या पोटात, कर्नलमध्ये बसतो, आणि कुठलीही फाइल उघडली की आधी त्याच्या हाताखालून जाते. दारावरचा वॉचमन म्हणा. एका दारावर दोन कंपन्यांचे दोन वॉचमन ठेवले की एक फाइल तपासायला उघडतो, ते बघून दुसरा तपासायला येतो, ते बघून पहिला. आणि कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल केलं तरी वॉचमन कधी कधी तिथंच बसून राहतो, पगार नाही तरी. बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एफएलटीएमसी टाइप करा, यादी येते. त्यात अल्टिट्यूड नावाचा रकाना असतो, तिथला आकडा ३२०००० ते ३२९९९८ मध्ये असेल तर तो अँटीव्हायरसवाला. डब्ल्यूडीफिल्टर हा विंडोज डिफेंडरचा, तो असू दे. त्याशिवाय एकापेक्षा जास्त दिसले, किंवा काढून टाकलेल्याचं नाव अजून दिसलं, तर त्या कंपनीच्या साइटवरून त्यांचं रिमूव्हल टूल उतरवून सेफ मोडमध्ये चालवा. जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांचं असतं ते. आणि कुणी "फुल व्हर्जन" म्हणून पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेला अँटीव्हायरस टाकून दिला असेल तर त्याच्याबद्दल मी काही बोलतच नाही.

निळ्या स्क्रीनचा फोटो नसला तरी विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडंप नावाचा फोल्डर असतो, ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाच्या छोट्या फुकटच्या टूलने तो वाचता येतो. कुठल्या ड्रायव्हरचं नाव दर वेळी येतंय ते बघा. फक्त एनटीओएस कर्नलचं, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचं, नाव दिसलं म्हणून विंडोजच खराब असं समजू नका, तो घराचा कर्ता आहे, घरात काहीही झालं की नाव त्याचंच येतं.

अँटीव्हायरस कधीच दोषी नसतो असं मात्र मी म्हणणार नाही. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस समजून उचलली आणि जगभरातली मशीन सारखी रिस्टार्ट व्हायला लागली. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषावरचे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, आले तेव्हा काही अँटीव्हायरस कर्नलमध्ये नको तिथं हात घालत होते म्हणून निळे स्क्रीन यायला लागले, शेवटी मायक्रोसॉफ्टने सांगितलं की अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, आपण सुसंगत असल्याची खूण केल्याशिवाय पॅच द्यायचाच नाही. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवतच असेल, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीची एक चुकीची फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले लोकांना. पण यात एक गोष्ट बघा, असं होतं तेव्हा एका दिवसात हजारो लोकांचं होतं आणि दोन दिवसात त्यावर उपाय येतो. तुमच्या एकट्याच्या मशीनवर, दोन वेगळ्या कंपन्यांच्या अँटीव्हायरसला, कित्येक आठवडे तेच होतंय. म्हणून माझा अँटीव्हायरसवर संशय नाही.

आणि व्हायरस? क्वचित असतो, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका पॅचनंतर एक्सपीची मशीन निळी पडायला लागली, लोक मायक्रोसॉफ्टवर तुटून पडले, आणि चौकशीत निघालं की त्या मशीनमध्ये अल्युरिऑन नावाचा रूटकिट, म्हणजे विंडोजच्या पोटात दडणारा व्हायरस, आधीपासून लपून बसला होता, पॅचने कर्नल बदलल्यावर त्याचे हिशोब चुकले. तेव्हा मनातला किंतु काढायला विंडोज सिक्युरिटीमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन आहे तो लावा. मशीन रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. तो सुखरूप पार पडला आणि काही सापडलं नाही तर व्हायरसचं भूत डोक्यातून काढा.

हे सगळं होईपर्यंत फुल स्कॅन लावायचा हट्ट सोडा. रिअल टाइम संरक्षण चालूच असतं, क्विक स्कॅन रोज होऊ दे, आणि शेड्यूलमध्ये दर शुक्रवारी दुपारी एक वाजता फुल स्कॅन असं कुणी सेट करून ठेवलं असेल तर ते बंद करा, बऱ्याच ऑफिसात "शुक्रवारी पीसी बंद पडतो" याचं रहस्य तेवढंच असतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि चौथ्या जनरेशनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे एसएसडी टाकून हे मशीन दोन वर्षं ओढायचं का आताच नवीन घ्यायचं, हा विचार आहे तुमचा. मी असतो तर ग्राहकांचे पॅन-आधार ठेवलेलं मशीन फार दिवस जुन्या विंडोजवर ठेवलं नसतं, पण एसएसडी पुढच्या मशीनलाही लावता येते, तो पैसा वाया जात नाही.

दुकानवाल्याचं म्हणाल तर तो वाईट असेल असं नाही. फॉरमॅटला त्याला दोन तास लागतात आणि पाचशे-सातशे रुपये सरळ मिळतात, तीन दिवस वहीत वेळा लिहीत बसायचे पैसे त्याला कोण देणार. फक्त फॉरमॅट मारल्यावर डिस्क रिकामी असते, स्कॅन दहा मिनिटात पूर्ण होतो, तुम्ही खुश होऊन पैसे देता, आणि डेटा परत भरून तीन महिने झाले की स्कॅन त्याच खड्ड्यापाशी पोचतो.

तेव्हा आज बॅकअप आणि क्रिस्टल डिस्क इन्फो, एवढंच करा. ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचे आकडे आणि ४१ च्या नोंदीतला बगचेक कोड मला कळवा. सी५ मध्ये काही असेल तर उष्णता, रॅम, एसएमपीएस काहीच बघायच्या भानगडीत पडू नका, सरळ एसएसडी आणायला जा आणि जुनी डिस्क तोपर्यंत बंद ठेवा.